न केलेली प्राणप्रतिष्ठा

सेक्रेटरी आधीच नारळ घेऊन आले, तेव्हाच मला शंका यावयास हवी होती. धर्मकार्यासाठी येणारी माणसे प्रथम विचारावयास येतात. नारळ मागाहून आणतात.

माझी पूजा नुकतीच आटोपली होती. आमच्या चाळीची पुनर्बांधणी करण्यासाठी जी नवी सोसायटी स्थापन झाली आहे, तिचे हे सेक्रेटरी. बँकेत नोकरीस आहेत, स्वभावाने सरळ, परंतु बोलण्यात सदैव घाई. नारळ पाटावर ठेवून ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, छोटं काम आहे. खालच्या दगडाची प्राणप्रतिष्ठा करायची."

"कोणत्या देवतेची?"

"ते तुम्हीच ठरवा ना. मारुती म्हणा, म्हसोबा म्हणा. काहीही चालेल. फक्त या महिन्यात व्हायला पाहिजे, प्लॅन फायनल होतोय."

देवता कोणतीही चालेल, मुहूर्त मात्र आर्किटेक्टचा, असा प्रसंग माझ्या पौरोहित्यात पूर्वी आला नव्हता. मी त्यांना बसवून घेतले आणि सारे समजून घेतले.

भोईवाड्यातील आमच्या दोन चाळींच्या मधे फरसबंद चौक आहे. त्याच्या एका कोपऱ्यात कमरेइतक्या उंचीचा कट्टा असून त्यावर एक काळा दगड उभा केलेला आहे. दगडाच्या मागे झेंड्यासाठी लोखंडी नळी रोवलेली आहे. हा दगड एका गिरणी कामगाराच्या स्मरणार्थ आहे. तो याच चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीत, गावाकडच्या आठ-दहा जणांबरोबर राहत असे. गिरणीत बदली कामगार होता, म्हणजे कायमचा माणूस न आल्यास त्याच्या जागी काम मिळणारा. संपाच्या काळात एका मोर्चात गोळी लागून तो पडला. त्याचे लग्न झालेले नव्हते. आईवडील कोकणात होते, तेही पुढे गेले. त्याच्या सोबत्यांनी हा दगड बसवला, त्यावर त्याचे नाव कोरले आणि नावाखाली एकच शब्द कोरला: कामगार.

आता चाळ पाडून तेथे उंच इमारत होणार. नकाशात जुने देऊळ दाखवता येते, आणि देवळाला जागा द्यावीच लागते. निदान देवळाला नाही म्हणण्याचे धैर्य कोणत्याही बिल्डरला होत नाही. लाल झेंड्याच्या दगडासाठी मात्र नकाशात चौकोन नाही. "दगड वाचवायचा असेल तर तो देव पाहिजे," सेक्रेटरी म्हणाले. "अर्धं काम बायकांनी केलेलंच आहे. तुम्ही फक्त मंत्र म्हणा."

हे खरे होते. त्या दगडाचे स्मरण आमच्याकडे वर्षातून दोनदा होते. एक तारखेने, ते लाल झेंड्याचे. दुसरे तिथीने, ते बायकांचे. त्या म्हणत, माणूस गेला की त्याची तिथी पाळायची असते, तारीख सरकारी कामाला. पंचांग पाहून ती तिथी त्यांना सांगण्याचे काम प्रतिवर्षी माझ्याकडे असे. प्रारंभी त्या केवळ फुले वाहत. नंतर हळदकुंकू आले, पुढे नारळ आला. एका वर्षी कोणी तरी तेलात कालवून शेंदूर लावला, आणि तेव्हापासून दरवर्षी त्यावर एक थर चढत गेला. आता दगडावरचे नाव वाचता येत नसे.

मी सेक्रेटरींना इतकेच सांगितले की विचार करून कळवतो. ते गेल्यावर मी नारळ उचलून देवाजवळ न ठेवता खिडकीत ठेवला.

माझ्या शेजारच्या खोलीत जे राहतात, त्यांना सारी चाळ भाऊ म्हणते. भाऊ त्याच गिरणीत विणकर होते, आणि तो बदली कामगार पडला तेव्हा त्याच्या शेजारून चालत होते. दगडाजवळ तारखेला झेंडा चढवणे, दोन शब्द बोलणे, हे आजवर त्यांनीच केले. देव मानत नाहीत. आमचा स्नेह गॅलरीतल्या सामाईक बाकावर जमला. मी गिरगावातल्या पाठशाळेत शिकवून बसने परत येई, ते पहिली पाळी संपवून आलेले असत. ते मला वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि मी त्यांना न मागता सुभाषिते ऐकवत असे. दगडाजवळ ते बोलत असताना मी प्रतिवर्षी गॅलरीतून हात जोडून उभा राही. खाली जाण्याचे कारण मला कधी पडले नाही. सभा त्यांची होती.

अलीकडे भाऊंचे गुडघे पार गेले आहेत. ते बाकावर बसूनच असतात. मी सांगण्याच्या आधीच त्यांना सर्व ठाऊक होते. चाळीत बातमी जिन्याने चढत नाही, गॅलरीने येते.

"करणार काय मग तुम्ही त्याला देव?" त्यांनी विचारले.

"तुमचे मत काय?"

"माझं मत काय असणार. देव केलात की त्याची युनियन सुटली." त्यांनी दगडाकडे बोट केले. "देवाला कोण विचारतं का हो, बाबा रे, तू संपावर का गेला होतास? देवाला म्हणतात, पोराला नोकरी लागू दे. तो मेला तेव्हा त्याला स्वतःला कायम नोकरी नव्हती. तो काय देणार?"

तळमजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या आजींना हे ऐकू गेले. त्यांचे यजमान आणि तो कामगार एकाच खोलीत राहत, एकाच ताटात जेवत. शेंदराचा पहिला थर त्यांचाच असावा असा माझा कयास आहे. त्या खालूनच म्हणाल्या, "भाऊनू, तुमका शेंदूर खुपता. उद्या दगड डंपरात गेलो, मगे काय खुपात? देवाक कोण हात लावतलो?"

"आजी, तो देव नाय. माणूस."

"आमच्या गावात म्हापुरुस आसा, देव म्हणान पुजतत तेका. तोव आदी माणूसच होतो."

दोघांचेही म्हणणे खरे होते, हीच अडचण होती. दगड देव झाला तर राहील. पण ज्याचा तो होता, तो राहणार नाही. देव झाला नाही, तर दगडच राहणार नाही. भाऊ रात्री जेवले नाहीत असे त्यांच्या सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी मला सांगितले. "माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा जातोय तो," एवढेच ते म्हणाले होते.

त्याच आठवड्यात भाऊंची नात रजेवर आली. ती आयर्लंडच्या उत्तरेस, बेलफास्ट नगरात, एका रुग्णालयात परिचारिका आहे. आली की ती पहिला चहा आमच्या बाकावर घेते. दगडाचा तंटा तिला घरात कळला होताच. तिने पर्समधून एक चपटी डबी काढली आणि तीतून कागदाचे एक लहानसे फूल काढून आजोबांच्या हातात ठेवले. पांढऱ्या पाकळ्या, मधे केशरी, खाली हिरवा देठ.

"हे काय?"

"लिली. ईस्टरला छातीवर लावतात, त्या दिवसांत झालेल्या जुन्या उठावातल्या मेलेल्यांच्या आठवणीला. सगळे नाही, ठरावीक लोक. मी ज्या म्हाताऱ्या बाईंकडे भाड्यानं राहते ना, त्यांनी मला दिलं. त्यांचा भाऊ त्यांच्या स्वातंत्र्याच्या चळवळीत मारला गेला. लाल गटातला होता, आजोबा, तुमच्यासारखा. नुसतं इंग्रज जाऊन भागणार नाही, देश राबणाऱ्यांचा झाला पाहिजे, म्हणणारे."

भाऊंनी फूल चष्म्याजवळ नेले. मी विचारले, "त्यांच्या हाती बंदुका होत्या ना?"

"होत्या, शास्त्रीआजोबा. समोरच्यांकडेही होत्या. बाईंचा शेजारी समोरच्या बाजूचा, इंग्रजांबरोबरच राहू म्हणणाऱ्यांतला. त्याच्याही घरातलं माणूस गेलंय. ईस्टरच्या दिवशी तो खिडकीचा पडदा ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी येऊन बाईंच्या कुंड्यांना पाणी घालतो."

मला त्या अनोळखी शेजाऱ्याविषयी आदर वाटला. हिंसेचा मार्ग मला कधीच मानवला नाही, आणि हे भाऊंनाही ठाऊक आहे. त्यावर आमचे वाद होऊन गेले आहेत. तरीही मृतांना त्यांच्या माणसांनी आठवू नये, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

नातीने पुढे जे सांगितले, ते मी अनेकदा मनात घोळवले आहे. ईस्टरच्या रविवारी बाईंनी तिला सोबत नेले. पुढे बासरी आणि ताशा वाजवणारी मुले, मागे कापडी फलक, त्यामागे साधी माणसे, कोणी मुलांना खांद्यावर घेतलेली. असे सारे दफनभूमीपर्यंत चालत गेले. तेथे मृतांची नावे वाचली. प्रजासत्ताकाचा जुना जाहीरनामा वाचला. मग बाई आणि काही वृद्ध स्त्रियांनी त्यांच्या जुन्या भाषेत जपमाळ म्हणावयास आरंभ केला.

"म्हणजे त्यांच्यातही जप आहे," मी म्हणालो.

"अर्धे म्हणतात. अर्धे खिशात हात घालून गप्प उभे. दरवर्षी भांडण होतं म्हणे, जप ठेवायचा की काढायचा. बाई म्हणतात, माझा भाऊ जप म्हणायचा नाही, म्हणून मी त्याच्या वाटचा म्हणते."

"मग मिटतं कसं?" भाऊंनी विचारले.

"मिटत नाही. चहा होतो."

भाऊ कितीतरी दिवसांनी हसले.

"त्यानंतर एक बाई बोलायला उभी राहिली," नात म्हणाली. "आमच्याच हॉस्पिटलमध्ये साफसफाई करते, कॉन्ट्रॅक्टवर. मला वाटलं, मेलेल्यांबद्दल बोलेल. ती बोलली घरभाड्याबद्दल, कॉन्ट्रॅक्टबद्दल. म्हणाली, नावं वाचली ना, आता प्रत्येकानं सांगा या वर्षी काय करणार. आणि लोकांनी सांगितलं. पुढे आम्ही नर्सेस गेटवर उभ्या राहिलो, पगारासाठी, तेव्हा त्यातले कितीतरी जण आमच्या बाजूला येऊन उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं."

"दगड आहे का तिथं त्या भावाचा?"

"भिंतीवर पाटी होती. घर पाडलं, मग पाटी दुसऱ्या भिंतीवर गेली. तीही पाडली. आता तिसरीवर आहे. बाई म्हणतात, माझा भाऊ जन्मभर भाड्यानं राहिला, त्याची पाटीही भाड्यानंच राहते."

ती चहाचे पेले घेऊन आत गेली. भाऊ कागदी फूल बोटांत फिरवत राहिले. माझ्या मनात मात्र एका शब्दाचा उदय झाला होता. 'या वर्षी काय करणार' हे जे ते लोक उभ्याने, उघड्यावर, सर्वांसमक्ष सांगतात, त्याला आमच्याकडे संकल्प म्हणतात.

कोणत्याही कर्माच्या आरंभी यजमान हातात उदक घेतो. देशाचा उच्चार करतो, काळाचा करतो, आपले नाव सांगतो, आणि मी अमुक करीन असे म्हणून उदक सोडतो. संकल्पावाचून केलेले कर्म पोकळ, असे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या पाठात शिकवतो. प्राणप्रतिष्ठेत आपण देवतेला विनवतो की तू या मूर्तीत येऊन राहा. त्या कामगाराला येथे येऊन राहा म्हणून कोणी विनवावे? तो आपल्या गतीने गेला. त्याला दगडात बांधून ठेवण्याचा अधिकार मला नव्हता. ज्याला अपत्य नाही त्याच्यासाठीही उदक देण्याची सोय पूर्वजांनी केली आहे. ते उदक देणारा जिवंत मनुष्य हवा, इतकेच. प्रश्न दगडाचा नव्हताच. उदक कोणी द्यावयाचे, हा होता.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींचा नारळ त्यांच्या घरी नेऊन परत दिला.

"म्हणजे नाही म्हणताय?"

"तेथे कोणतीही देवता नाही. खोटी प्रतिष्ठा माझ्याकडून होणार नाही."

ते रागावले नाहीत, थकल्यासारखे दिसले. "शास्त्रीबुवा, मी त्या दगडाचा शत्रू नाही हो. माझे आजोबाही गिरणीतच होते. पण नकाशात 'मंदिर' लिहायची सोय आहे, 'माणूस' लिहायची नाही. उद्या दगड गेला तर मला बोलू नका."

"तुम्हांला कोणीही बोलणार नाही," मी म्हणालो. "तारखेला खाली या, एवढीच विनंती."

आता तारखेचा दिवस जवळ होता. भाऊंना मी माझा विचार सांगितला. ते ऐकून म्हणाले, "पळी-पंचपात्र घेऊन येणार तुम्ही लाल झेंड्याखाली? लोक म्हणतील, भाऊंनी मरताना कात टाकली."

"पळी मी धरतो. तुम्ही केवळ बोलायचे."

"मी पाणीबिणी सोडणार नाही."

"सोडू नका. त्या आयरिश बाई भावाच्या वाटचा जप म्हणतात. मी तुमच्या वाटचे पाणी सोडेन."

त्यांनी नकार दिला नाही. म्हणाले, "आधी त्याचं नाव दिसू दे."

शेंदूर तेलाने चढतो आणि तेलानेच उतरतो. तारखेच्या आदल्या दुपारी नात कोमट खोबरेल आणि जुने मऊ धोतर घेऊन खाली बसली. बायका पाहत उभ्या होत्या. कोणी पुढे होईना, कोणी अडवीना. मग तळमजल्यावरच्या आजी सावकाश खाली बसल्या, नातीच्या हातून कापड घेतले आणि म्हणाल्या, "मियाच लावलंय, मियाच काढतंय." पहिल्या थराविषयीचा माझा कयास बरोबर होता. थर निघू लागले. आधी 'कामगार' दिसला, मग नाव. आजींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवले. त्यांना वाचता येत नाही, पण त्या म्हणाल्या, "ह्या त्येचाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी भाऊंना खुर्चीसकट खाली नेले. त्यांच्या मागून मी उतरलो. ताम्हन, पळी, तांब्या माझ्या हाती होते. चौकात माणसे बेताचीच होती: चाळीतले जुने लोक, बायका, आणि गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरात सफाईचे काम करणाऱ्या दोन स्त्रिया, ज्यांना नातीने वाटेत गाठून बोलावले होते. सेक्रेटरी कामाला जाण्याच्या कपड्यांत, जिन्यापाशी उभे होते.

झेंडा चढला. सर्व शांत उभे राहिले. नातीने तो कोण होता ते साध्या शब्दांत सांगितले. मग मी पळी हाती घेतली, देशाच्या उच्चारात भरतखंडानंतर भोईवाडा म्हणालो, काळ सांगितला, आणि थांबून म्हणालो, "आता ज्याने त्याने आपले सांगावे."

सारे एकमेकांकडे पाहू लागले. आपल्या माणसांना भाषण ऐकण्याची सवय आहे, बोलण्याची नाही.

मग भाऊ खुर्चीतून म्हणाले, "खोल्या खाली करून चाव्या द्यायच्या आहेत ना सोसायटीला? या दगडाची जागा नकाशात लिहून येईपर्यंत माझी चावी मी देणार नाही. देऊळ म्हणून नाही. कामगार म्हणून लिहायची."

मी उदक सोडले.

बायकांत कुजबुज झाली. आजी पुढे आल्या. त्यांना हे रूप ओळखीचे वाटले असावे, कारण गावी देवापुढे गाऱ्हाणे घालतात तशा त्या उभ्या राहिल्या. हात जोडले, पण दगडाकडे तोंड केले नाही, आमच्याकडे केले.

"बा म्हाराजांनू, ह्यो आमचो माणूस. ह्येका जागा गावल्याबिगर आमी कोणीव चावी देवचंव नाय. ह्या खरा काय?"

"व्हय म्हाराजा," बायका म्हणाल्या.

"ह्या दोन पोरी टॉवरात झाडू मारतत. तेंची सुट्टी कापतत. तेंच्यावांगडा भाऊनू बसून बोलतले. ह्या खरा काय?"

"व्हय म्हाराजा."

भाऊंनी मान वळवून आजींकडे पाहिले. "मला विचारलं का?"

"इचारतंय ना आता."

"होय," भाऊ म्हणाले. क्षणभराने पुढे म्हणाले, "नुसतं होय. म्हाराजा नाय." चौक हसला. त्या दोघींपैकी धाकटी पदर तोंडाला लावून हसत होती.

मी प्रत्येक संकल्पास उदक सोडत होतो. पळी पुन्हा भरली, तेव्हा ध्यानी आले की सारे माझ्याकडे पाहत आहेत. इतकी वर्षे मी वरून हात जोडले होते; खाली उभ्या असलेल्याला निराळेच विचारले जाते.

"माझीही चावी," मी म्हणालो, आणि त्या वेळी उदक स्वतःसाठी सोडले.

त्याला आता काही महिने झाले. नकाशा दोनदा परत गेला. आजी आणि बायका सोसायटीच्या प्रत्येक बैठकीला जाऊन मागच्या बाकावर बसतात. बोलत नाहीत, विषय येईपर्यंत बसून राहतात. त्या दोघी सफाई कामगार रविवारी भाऊंच्या बाकावर येतात; आता त्यांच्याबरोबर आणखीही येऊ लागल्या आहेत, आणि मला माझे आसन खोलीच्या उंबऱ्यात घ्यावे लागते. नात परत गेली. कागदी फूल भाऊंनी आरशाच्या चौकटीत खोचले आहे.

परवा सेक्रेटरी पुन्हा आले. या वेळी नारळ नव्हता. त्यांनी नव्या नकाशाची घडी उलगडून माझ्यापुढे धरली. प्रवेशद्वाराच्या डावीकडे एक लहान चौकोन पेन्सिलीने काढला होता. त्यात अद्याप काही लिहिलेले नव्हते.

"आर्किटेक्ट विचारतोय, काय लिहू," ते म्हणाले. "आणि बिल्डर विचारतोय, चाव्या कधी."

"ते लिहिल्यावर," मी म्हणालो.

ते हसले, खिशातून पेन्सिल काढली आणि भाऊंच्या दाराकडे गेले. माझी चावी देवघराशेजारच्या खिळ्याला आहे. तेथेच राहू दिली आहे.